वाचकांचे प्रश्न : बाजार एक झाला, दरी कोण बुजवणार?

मागच्या अंकात युरोपीय महासंघाच्या अर्थसंकल्पावर लेख होता. 27 देश मिळून जो खर्च करतात त्यातला सुमारे एक तृतीयांश मागास प्रदेशांसाठी असतो, या त्यातल्या एका वाक्यावर सर्वाधिक पत्रे आली. निवडक प्रश्नांना इथे उत्तरे देत आहोत. पत्रे मोठी होती, मुद्दा तेवढा ठेवला आहे.

सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. कोणत्या प्रदेशाला किती पैसे मिळणार, हे नेमके कसे ठरते? नोट्समध्ये ‘75 टक्क्यांखालचे प्रदेश’ एवढेच लिहिलेले असते.

75 टक्के ही पहिली चाळणी आहे, रक्कम पुढे ठरते. क्रमाने बघू.

आधी प्रदेश म्हणजे काय ते पक्के करावे लागते. महासंघाच्या सांख्यिकीत देशांचे तीन पातळ्यांवर विभाग पाडलेले आहेत. निधीसाठी त्यातली मधली पातळी, ‘नट्स-2’, धरतात. अशा विभागाची लोकसंख्या साधारण 8 लाख ते 30 लाख असावी असा दंडक आहे. 2011च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या 94 लाखांवर होती. या मापाने आपल्या जिल्ह्याचे किमान चार विभाग पडले असते.

मग प्रत्येक विभागाचा दरडोई जीडीपी घेतात. तो थेट युरोमध्ये न घेता खरेदीशक्तीनुसार दुरुस्त करतात, कारण बल्गेरियातले घरभाडे आणि डेन्मार्कमधले घरभाडे एका मापाने मोजता येत नाही. 2021-27 या सात वर्षांच्या चक्रासाठी 2015 ते 2017 या तीन वर्षांची सरासरी धरली आहे. महासंघाच्या सरासरीच्या 75 टक्क्यांखाली असलेले विभाग ‘कमी विकसित’, 75 ते 100 टक्के ‘संक्रमणातले’ आणि त्यावरचे ‘अधिक विकसित’. तिन्ही गटांना पैसे मिळतात, पण मोठा वाटा पहिल्या गटाकडे जातो.

आता रक्कम. कमी विकसित विभागासाठी सरासरीपासूनची दरडोई तूट काढतात, तिला लोकसंख्येने गुणतात आणि आलेल्या आकड्याचा ठरावीक टक्का दरवर्षीची रक्कम म्हणून धरतात. हा टक्का विभाग कोणत्या देशात आहे त्यावर अवलंबून असतो. देशाचे दरडोई राष्ट्रीय उत्पन्न महासंघाच्या सरासरीच्या 82 टक्क्यांखाली असेल तर 2.85 टक्के, 82 ते 99 टक्के असेल तर 1.25 आणि त्याहून वर असेल तर 0.75. समजा, गरीब देशातला 20 लाख वस्तीचा विभाग आहे आणि दरडोई तूट 15,000 युरो आहे. तूट गुणिले लोकसंख्या म्हणजे 3,000 कोटी युरो. त्याचे 2.85 टक्के म्हणजे वर्षाला साडेपंच्याऐंशी कोटी युरो. हाच विभाग श्रीमंत देशात असता तर साडेबावीस कोटींवर आला असता. कारण श्रीमंत देशाने आपला मागास कोपरा मुख्यतः स्वतःच्या तिजोरीतून सांभाळावा अशी अपेक्षा आहे. या मूळ रकमेवर बेरोजगारी, तरुणांची बेरोजगारी, कमी शिक्षण, बाहेरून आलेले स्थलांतरित आणि कार्बन उत्सर्जन यांसाठी भर पडते. शेवटी देशाच्या जीडीपीच्या प्रमाणात कमाल मर्यादा लावतात, कारण छोट्या अर्थव्यवस्थेत एकदम फार पैसा ओतला तर कंत्राटांचे दर फुगतात आणि काम तेवढेच होते.

परीक्षेत बहुधा न विचारला जाणारा, पण सर्वांत महत्त्वाचा भाग यानंतरचा आहे. मंजूर रक्कम हातात पडत नाही. कमी विकसित विभागात प्रकल्पाच्या खर्चाच्या जास्तीत जास्त 85 टक्के महासंघ देतो, उरलेले देशाने किंवा नगरपालिकेने घालायचे. सांडपाणी प्रक्रिया केंद्राला 10 कोटी युरो लागणार असतील तर दीड कोटी स्वतःचे हवेत. शिवाय थोडी आगाऊ रक्कम सोडली तर पद्धत भरपाईची आहे: आधी खर्च करा, बिले तपासून घ्या, मग पैसे मागा. एखाद्या वर्षी राखून ठेवलेली रक्कम त्यापुढच्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत मागितली नाही, तर सर्वसाधारणपणे ती परत जाते. उभारलेला कारखाना किंवा सुविधा पाच वर्षे तिथेच चालू ठेवावी लागते; लहान उद्योगांना देश ही मुदत तीन वर्षांची करू शकतो.

बिघडते ते याच टप्प्यावर. छोट्या नगरपालिकेकडे 15 टक्के नसतात, निविदा नियमात बसत नाही, लेखापरीक्षणात खर्च नामंजूर होतो. मुदत जवळ आली की घाईने सोपी कामे उरकली जातात, त्यामुळे चौक सुशोभित होतो आणि जुनी जलवाहिनी तशीच राहते. ज्या प्रदेशाला पैशाची गरज सर्वांत जास्त, त्याचीच कागद हलवण्याची ताकद सर्वांत कमी असते. आमच्या मते या धोरणाची खरी दुखरी नस हीच आहे.

विभागाची सीमा कुठे आखली यावरही बरेच ठरते. राजधानीची श्रीमंती आसपासच्या गरीब भागाची सरासरी वर ओढते आणि तो भाग 75 टक्क्यांच्या रेषेबाहेर पडतो. म्हणून पोलंडने वॉर्सा, हंगेरीने बुडापेस्ट आणि लिथुआनियाने राजधानीचा प्रदेश सांख्यिकीत वेगळा काढला. नव्या सीमा 2018पासून लागू झाल्या.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. आमच्या नोकरीत ‘अनुशेष’ हा शब्द रोजचा होता. युरोपचे धोरण आणि आपला अनुशेष यांत फरक काय? (कोथरूड)

दोन्हींचा पाया सारखाच आहे: सरासरी काढा आणि मागे कोण राहिले ते मोजा. महाराष्ट्रात हे मोजमाप प्रथम पद्धतशीरपणे झाले ते वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीत. दांडेकर इथल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे. 1984च्या त्या अहवालाने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा किती मागे आहे ते काढले आणि ती तूट रुपयांत मांडली. एकूण सुमारे 3,187 कोटी: विदर्भ सुमारे 1,247, मराठवाडा 751 आणि उर्वरित महाराष्ट्र 1,189 कोटी. हा तिसरा आकडा पाहून आजही अनेकांना आश्चर्य वाटते. कोकण आणि पश्चिम महाराष्ट्राचा अवर्षणप्रवण पट्टा त्यात आहे, हे लक्षात घेतले की उलगडा होतो.

फरक तीन ठिकाणी आहे. युरोप उत्पन्न मोजतो, आपण सुविधा मोजल्या. सुविधा मोजणे अभियंत्याला सोयीचे, कारण इतके किलोमीटर, इतके हेक्टर असे ठरवता येते. पण कालवा झाला म्हणजे हाताला काम मिळाले असे होत नाही. दुसरे, युरोप दर चक्राला नव्याने मोजतो, त्यामुळे वर आलेला विभाग यादीतून बाहेर पडतो. आपल्याकडे एका वर्षाची तूट गोठवली गेली. तोवर सरासरी पुढे सरकली, बांधकामाचे दर वाढले आणि 1994च्या स्थितीवर फेरमोजणी झाली तेव्हा अनुशेष 14,000 कोटींवर गेला. तिसरे, मोजमापाचे एकक. दांडेकर समितीने जिल्हा धरला. विजय केळकर समितीने 2013च्या अहवालात तालुका धरावा असे सुचवले, आणि ते आम्हाला पटते. पुणे जिल्ह्याच्या सरासरीत हिंजवडीही येते आणि पुरंदरचा कोरडा भागही.

आणखी एक गोष्ट. युरोपात ‘अधिकचा पैसा’ असा नियम आहे: महासंघाचा निधी आला म्हणून देशाने स्वतःचा खर्च कमी करायचा नाही. आपल्याकडे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद 371(2)खाली 1994मध्ये स्थापन झालेल्या विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. राज्यपालांचे निर्देश असूनही तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांचा मेळ बसत नाही, ही विदर्भ-मराठवाड्याची जुनी तक्रार आहे. मोजणाऱ्याच्या हातात तिजोरी नसेल तर मोजणी अहवालात राहते.

भोसरीत आमचे पाण्याचे पंप बनतात. जर्मनीतून चौकशी आली आहे, पुढे झेकिया आणि पोलंडलाही विकायचे आहेत. प्रत्येक देशासाठी वेगळी परवानगी लागेल का?

नाही. 1 जानेवारी 1993पासून अस्तित्वात असलेल्या एकल बाजाराचा अर्थच तो. माल हॅम्बर्ग किंवा रॉटरडॅमला उतरला, तिथे सीमाशुल्क भरले की तो ‘मुक्त संचारात’ आला; पुढे प्राग किंवा पॉझनानला नेताना पुन्हा सीमाशुल्क नाही. सुरक्षिततेचे कागदही एकदाच. मात्र ते नीट करा:

धोक्यांचे मूल्यमापन, चाचण्या आणि रेखाचित्रे यांची तांत्रिक फाइल बनवून ती दहा वर्षे जपायची. मग अनुरूपतेचे घोषणापत्र सही करून द्यायचे आणि पंपावर किमान 5 मिलिमीटर उंचीची सीई खूण, म्हणजे माल महासंघाच्या नियमांत बसतो याची निशाणी, लावायची. तांत्रिक फाइल सादर करण्यास अधिकृत केलेली व्यक्ती महासंघात राहणारी असावी लागते आणि तिचे नाव-पत्ता घोषणापत्रात येतो. आयातदाराचे नाव आणि पत्ताही उत्पादनावर हवा. 20 जानेवारी 2027पासून यंत्रांसाठी जुन्या निर्देशाच्या जागी नवा नियम लागू होतो. आजच फाइल बनवत असाल तर नव्या नियमाप्रमाणेच बनवा.

स्वच्छ पाण्याचा सेंट्रीफ्यूगल पंप असेल तर कार्यक्षमतेची अटही आहे. किमान कार्यक्षमता निर्देशांक, म्हणजे एमईआय, 0.4 किंवा अधिक हवा आणि तो नामपट्टीवर छापावा लागतो. इथल्या बाजारात चालणारे इम्पेलर (पंपातली पाणी ढकलणारी फिरती चक्री) या अटीत अडकू शकतात. नमुना पाठवण्याआधी चाचणी इथेच करून घ्या.

बाजार एक असला तरी दोन गोष्टी एक नाहीत. पहिली भाषा: वापरपुस्तिका आणि घोषणापत्राचा अनुवाद ग्राहकाच्या देशाच्या भाषेत लागतो. इंग्रजी पुस्तिकेवर भागवायला गेलेला माल या साध्या कारणाने अडतो. दुसरी व्हॅट: प्रमाण दर किमान 15 टक्के, एवढेच सामाईक आहे. जर्मनीत 19, हंगेरीत 27. जर्मन आयातदाराने झेक कंपनीला माल विकला तर खरेदीदाराचा व्हॅट क्रमांक महासंघाच्या ऑनलाइन यादीत तपासून शून्य दराने बिल करता येते; कर खरेदीदार आपल्या देशात दाखवतो. क्रमांक चुकीचा निघाला तर कर विक्रेत्याच्या गळ्यात पडू शकतो. म्हणून आयातदाराशी करार करताना ही जबाबदारी कोणाची ते लिहून घ्या.

मुलगा जर्मनीत ब्लू कार्डवर नोकरी करतो. त्याला नेदरलँड्समधून चांगली नोकरी आली आहे. ‘सगळे एकच आहे’ म्हणून तो थेट जाऊ शकतो का? (सिंहगड रस्ता)

ब्लू कार्ड म्हणजे महासंघाबाहेरच्या अतिकुशल नोकरदारांसाठीचा परवाना. मुक्त संचाराचा पूर्ण हक्क महासंघाच्या नागरिकांना आहे, ब्लू कार्डधारकाला मर्यादित. पहिल्या देशात 12 महिने झाल्यावर त्याला दुसऱ्या देशात अतिकुशल नोकरीसाठी जाता येते, पण तिथे पोहोचल्यापासून एक महिन्याच्या आत त्या देशाकडे नवा अर्ज करावा लागतो आणि तिथल्या पगाराच्या अटीत बसावे लागते. डेन्मार्क आणि आयर्लंड या व्यवस्थेत नाहीत. त्याच्याकडे ब्लू कार्ड नसून साधा जर्मन कामाचा परवाना असेल तर हा मार्ग मिळत नाही. कार्डावर काय छापले आहे ते आधी पाहायला सांगा.

एवढा पैसा वाटूनही युरोपातले लोक महासंघावर चिडलेले दिसतात. पैसे देऊन आपलेपणा येत नाही, असेच ना? (औंध)

तुमचा रोख बरोबर आहे, पण कारणे नीट वेगळी करायला हवीत.

ब्रिटनचे उदाहरण सर्वांत बोलके. कॉर्नवॉल आणि वेल्सचा पश्चिम भाग, तिथल्या जुन्या कोळसा-पोलादाच्या दऱ्यांसह, 2000पासून कमी विकसित गटात होते आणि त्यांना मोठा निधी मिळत होता. 2016च्या सार्वमतात कॉर्नवॉलने आणि त्यातल्या बहुतेक दऱ्यांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. रस्ते झाले, महाविद्यालयांच्या इमारती झाल्या, त्यांवर महासंघाचे फलकही लागले. पण खाणी आणि पोलादाच्या काळातला, युनियनच्या बळावर मिळणारा पगार परत आला नाही. माणूस स्वतःच्या पगाराची तुलना वडिलांच्या पगाराशी करतो, विभागाच्या सरासरीशी नाही.

दुसरे कारण, देश सरासरीला पोहोचतो तेव्हा आतली दरी रुंदावू शकते. 2004मध्ये पोलंड सामील झाला तेव्हा त्याचे खरेदीशक्तीनुसार दरडोई उत्पन्न महासंघाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास होते. वीस वर्षांत ते सुमारे 80 टक्क्यांवर आले. फार मोठी झेप आहे ही. पण तिचा मोठा भाग वॉर्सा, व्रोत्सवाफसारख्या शहरांत दिसतो, पूर्वेकडच्या जिल्ह्यांत कमी.

तिसरे कारण माणसांचे जाणे. मुक्त संचारामुळे तरुण जिथे पगार जास्त तिथे गेले. लाटव्हिया, लिथुआनिया आणि बल्गेरिया यांची लोकसंख्या 1990पासून पाचव्या हिश्श्याहून अधिक घटली आहे. कमी जन्मदरही त्याला कारण, पण स्थलांतराचा वाटा मोठा. मागे राहिलेल्यांना डॉक्टर मिळत नाही, शाळा बंद होते. कोकणातल्या मनीऑर्डरवर चाललेल्या गावांनी हे अनुभवले आहे: पैसा येतो, माणसे येत नाहीत. आकडेवारीला मात्र हे यश वाटू शकते. बेरोजगार तरुण निघून गेला की बेरोजगारीचा दर आपोआप खाली येतो. म्हणून नुसता तो दर पाहून कोणी धोरण यशस्वी ठरवले तर त्या विभागाची लोकसंख्या शेजारी ठेवून पाहा.

चौथे कारण चलनाचे. युरो स्वीकारलेला देश संकटात आपले चलन स्वस्त करून निर्यात वाढवू शकत नाही. मग मजुरी आणि सरकारी खर्च कापणे उरते. 2009 साली ग्रीसचे दरडोई उत्पन्न सरासरीच्या 90 टक्क्यांहून अधिक होते, ते पुढे 70 टक्क्यांच्याही खाली घसरले. मागास प्रदेशांचा निधी इतक्या मोठ्या धक्क्यासाठी बनलेलाच नाही. महासंघाचा सारा अर्थसंकल्पच सदस्य देशांच्या एकत्रित उत्पन्नाच्या सुमारे 1 टक्का असतो. आपल्याकडे पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांच्या विभाज्य निधीतले 41 टक्के राज्यांना दिले आणि राज्याराज्यांत वाटताना 45 टक्के भार ‘उत्पन्नातील अंतरा’ला दिला, म्हणजे गरीब राज्याला दरडोई जास्त. बिहारची भरपाई आपल्याला कितीही खटकली तरी ती आपोआप होते. ग्रीसला मात्र प्रत्येक हप्त्यासाठी अटींवर वाटाघाटी कराव्या लागल्या. तिथे कटुता साचली ती त्यातून.

मग काही उपयोग होतो का? होतो. माणसावरचा खर्च इमारतीवरच्या खर्चापेक्षा आपलेपणाच्या जास्त जवळ जातो, असे आमचे मत आहे. ‘युरोपीय सामाजिक निधी प्लस’मधला किमान 25 टक्के भाग समाजातल्या वंचितांना सामावून घेण्यासाठी राखावा लागतो. 2013मध्ये सुरू झालेल्या ‘युवा हमी’नुसार शिक्षण किंवा नोकरी सुटल्यापासून चार महिन्यांत तरुणाला नोकरी, प्रशिक्षण किंवा पुढचे शिक्षण यांचा प्रस्ताव मिळावा, आता वयोमर्यादा 30पर्यंत आहे. अडचण अशी की जो तरुण रोजगार कार्यालयात नाव नोंदवतच नाही, त्याच्यापर्यंत ही हमी पोहोचत नाही, आणि सर्वांत मागे पडलेले बहुधा तेच असतात. त्यांना शोधायला वस्तीत फिरणारा माणूस लागतो, संकेतस्थळ पुरत नाही.

दक्षिण आशियात असे का झाले नाही? युरोपशिवाय दुसरीकडे कुठे असा निधी आहे का? (एफसी रोडवरच्या महाविद्यालयातील अभ्यासगट)

सार्कचा मुक्त व्यापार करार 2006पासून लागू आहे, पण प्रत्येक देशाने ‘संवेदनशील’ वस्तूंच्या लांब याद्या बाहेर ठेवल्या. थिंफूला सार्क विकास निधी आहे, तो लहान आहे. शेवटची शिखर परिषद 2014मध्ये काठमांडूला झाली. वाटून घ्यायला आधी एकत्र कमाई लागते, ती इथे झालीच नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या मर्कोसुर गटाचा ‘फोसेम’ निधी तुमच्या अभ्यासगटाने जरूर पाहावा. त्याच्या मूळ आराखड्यात वर्षाला 10 कोटी डॉलर जमा होतात: ब्राझील 70 टक्के, अर्जेंटिना 27, उरुग्वे 2 आणि पॅराग्वे 1. खर्चाचा क्रम उलटा: पॅराग्वेला 48 टक्के, उरुग्वेला 32, ब्राझील आणि अर्जेंटिनाला प्रत्येकी 10. रक्कम छोटी आहे, पण कोण देणार आणि कोण घेणार हे आधीच लिहून ठेवल्यामुळे दरवर्षीचा वाद टळतो.

याउलट पूर्व आफ्रिकेचा इतिहास आहे. केनिया, युगांडा आणि टांझानिया यांचा समुदाय 1967च्या कराराने उभा राहिला. रेल्वे, बंदरे, टपाल, विमानसेवा सारे सामाईक. कारखाने मात्र केनियात एकवटले होते. हे ओळखून करारात उपायही होते: सामाईक विकास बँकेची गुंतवणूक टांझानिया आणि युगांडाला प्रत्येकी 38.75 टक्के, केनियाला 22.5 टक्के; शिवाय व्यापारात तुटीत असलेल्या देशाला शेजाऱ्याच्या कारखानी मालावर तात्पुरता कर लावायची मुभा. पण बँकेचे भांडवल तुटपुंजे, आणि नवा कारखानदार बंदर, वीज, कुशल कामगार असलेल्या नैरोबी-मोम्बासाकडेच वळायचा. त्यात 1971मध्ये युगांडात इदी अमीन सत्तेवर आले आणि टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष न्येरेरे त्यांच्यासोबत एका टेबलाशी बसायला तयार नव्हते. 1977मध्ये समुदाय मोडला आणि सामाईक रेल्वेचे डबे-इंजिनेसुद्धा वाटून घ्यावी लागली. नवा करार 1999मध्ये झाला.

युरोपात क्रम वेगळा राहिला. 1986च्या कायद्याने एकल बाजाराची तारीख ठरवली आणि त्याच दस्तऐवजात मागास प्रदेशांची जबाबदारीही लिहिली. 1988मध्ये जाक देलॉर युरोपीय आयोगाचे, म्हणजे महासंघाच्या कार्यकारी मंडळाचे, अध्यक्ष असताना निधी दुप्पट करण्याचे ठरले, बाजार पुरता खुला होण्याच्या आधी. स्पेन, पोर्तुगाल आणि ग्रीस यांनी आपली बाजारपेठ उघडायला होकार दिला तो या सौद्यावर. पूर्व आफ्रिकेच्या करारातली टक्केवारी आणि या निधीचे आकारमान शेजारी-शेजारी मांडलेत तर अभ्यासगटाला एका बैठकीचा विषय मिळेल.